स्वस्तातली हार्ड डिस्क आणि न सांगितलेले नग

दसरा-दिवाळीच्या सवलती संपल्या की या सदराकडे हार्ड डिस्क आणि एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क) यांच्याबद्दलची पत्रं हटकून वाढतात. कणकवलीत माझं संगणकविक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंचं बोलणं रोज कानावर पडतं. यंदाच्या पत्रांत गाऱ्हाणं बहुतेक एकच आहे: किंमत मोठ्या अक्षरांत छापली होती, माल किती ते कुठेच नव्हतं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्याच विषयाला दिलं आहे.

प्रश्न : ताई, मी गुहागरात लग्नाचे आणि शिमग्याचे फोटो-व्हिडिओ करतो. चिपळूणच्या एका दुकानाने व्हॉट्सअॅपवर जाहिरात पाठवली : ४ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क, दिवाळीपुरती खास किमतीत. सकाळच्या एसटीने गेलो, शटर वर गेलं तेव्हा मी दारातच उभा होतो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ती कालच संपली, दोनच नग आलेले. ही घ्या, साडेतीन हजार जास्त आहेत, पण वस्तू एक नंबर." दोनच नग होते तर गावभर जाहिरात कशाला? याला फसवणूक म्हणायचं की नाही? — फोटोग्राफर, गुहागर

उत्तर : दादा, तुमचा राग रास्त आहे आणि कायदाही तुमच्या बाजूचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची जी व्याख्या आहे, तिच्यात नेमकी हीच गोष्ट येते. सवलतीच्या किमतीची जाहिरात करायची, पण त्या किमतीत विकायचा हेतूच नसायचा, किंवा त्या धंद्याचं स्वरूप पाहता वाजवी म्हणता येईल इतकी मुदत आणि इतके नग ठेवायचे नाहीत, हे त्या व्याख्येत बसतं. पुढे जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत आमिषाच्या जाहिरातीवर वेगळा भाग आहे. मागणी साठ्यापेक्षा जास्त येईल असा अंदाज असेल, तर माल मर्यादित आहे हे जाहिरातीतच स्पष्ट सांगायचं, असं तिथे म्हटलं आहे. व्हॉट्सअॅपवरचं चित्र हीसुद्धा जाहिरातच.

आता दुकानाच्या आत काय घडलं असेल ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढच्या वेळी काय विचारायचं ते कळणार नाही. आमच्यासारख्या दुकानांना माल कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईच्या वितरकाकडून येतो. सणाच्या आधी वितरक स्कीम सांगतो : अमुक मॉडेल, अमुक दर, अमुक तारखेपर्यंत. त्या दरात किती नग द्यायचे ते तोच ठरवतो, आणि तालुक्याच्या दुकानाच्या वाट्याला कधी पाच येतात, कधी दोन. हार्ड डिस्कमध्ये दुकानदाराला सुटतं फार थोडं. १८ टक्के जीएसटी आणि वाहतूक धरली की स्कीमबाहेरचा नग त्याच किमतीत देणं म्हणजे पदरचे घालणं. त्यामुळे दोन नग संपल्यावर तिसरा त्या भावात मिळाला नाही, हा काही गुन्हा नव्हे. "फक्त २ नग, आधी येईल त्याला" एवढे शब्द चित्रावर घातले नाहीत, तिथे चूक झाली. ते शब्द घालायला पैसे पडत नाहीत. ते असते तर तुम्ही निघण्याआधी फोन केला असता, एसटीचं भाडं आणि अर्धा दिवस वाचला असता. मी माझ्या दुकानाच्या प्रत्येक जाहिरातीत नग लिहिते आणि संपले की त्याच ग्रुपवर "संपले" म्हणून कळवते. गिऱ्हाईक तुटत नाही, उलट पुढच्या वेळी विश्वासाने येतं.

आणि ती साडेतीन हजार जास्तीची डिस्क. स्वस्त वस्तूवर बोलवायचं आणि महाग वस्तू पुढे करायची, याचीही दखल सरकारने घेतली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी जाहीर झाली, तिच्यात हा प्रकार नावानिशी आहे. तुमचं दुकान ऑनलाइन नाही, पण वृत्ती तीच.

करायचं काय? जाहिरातीचं चित्र तारखेसकट जपून ठेवा. आधी दुकानदाराला लेखी विचारा, व्हॉट्सअॅपवर विचारलंत तरी चालेल : किती नग होते, कोणत्या तारखेला विकले? समाधान झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक लावा. तिथेही निभावलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी आयोगात शुल्क नाही. एका हार्ड डिस्कसाठी आयोगाची पायरी चढावी का, हे तुम्ही ठरवा. १९१५ला फोन मात्र जरूर करा. असे फोन गेले नाहीत तर पुढच्या दिवाळीलाही ग्रुपवर असंच बिननगाचं चित्र येईल.

प्रश्न : ताईनू, आमचो तारकर्लीक स्कुबाचो धंदो. पर्यटकांका पाण्याखालचे व्हिडिओ देवचे लागतत, म्हणान सीझनच्या तोंडार सहा एसएसडी व्हये होते. सेल लागलेलो, गेलंय तर दुकानदार म्हणता, 'एका माणसाक दोनच.' रोख पैसे देत असताना दोनच कित्याक? मगे भावाक धाडलंय, तर त्याकाय ओळखल्यान आणि परत धाडल्यान. अपमान वाटलो. — स्कुबावाले, मालवण

उत्तर : तुमचं पत्र जसं आलं तसंच छापलं आहे. दुकानदाराने भावाला चारचौघांत परत पाठवलं असेल, तर ते बोलणं त्याने सौम्य ठेवायला हवं होतं. पण "माणशी दोन" या नियमाच्या बाजूने मी ठामपणे उभी आहे.

जाहीर केलेली मर्यादा गिऱ्हाइकाच्या हिताची असते, आणि सगळ्यांत जास्त ती लहान गावच्या गिऱ्हाइकाच्या हिताची असते. मासेमारीची बंदी उठल्यावर लागलेल्या पहिल्या होडीतला सगळा पापलेट एकाच व्यापाऱ्याने उचलला तर गावाला काय मिळणार, ते मालवणात मी वेगळं सांगायला नको. स्कीमच्या दहा एसएसडी आल्या आणि सकाळी पहिल्या आलेल्याने दहाही नेल्या, तर संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर येणारी मुलगी रिकाम्या हाताने परत जाते. अनेकदा नेणारा तुमच्यासारखा वापरणाराही नसतो. दुसऱ्या शहरातला दुकानदार माणसं पाठवून माल उचलतो आणि सेल संपल्यावर चढ्या भावाने विकतो. मर्यादा लागते ती मुख्यतः त्याच्यासाठी.

याचा सगळ्यांत मोठा दाखला २०११चा आहे. त्या वर्षी ऑक्टोबरात थायलंडमध्ये महापूर आला आणि बँकॉकच्या उत्तरेकडचे हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले. वेस्टर्न डिजिटलचे कारखाने त्यांत होते. डिस्कला लागणाऱ्या मोटारी बनवणारेही होते. काही आठवड्यांत जगभर हार्ड डिस्कच्या किमती दुपटीच्या घरात गेल्या आणि अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी "माणशी दोन" अशा पाट्या लावल्या. कॅलिफोर्नियात बॅकब्लेझ नावाची ऑनलाइन बॅकअप देणारी कंपनी आहे. तिला महिन्याला ढिगाने डिस्क लागत. तिचे कर्मचारी, त्यांचे नातेवाईक, मित्र असे सगळे कॉस्टको आणि बेस्ट बाय यांच्या दुकानांतून फिरले, दोन-दोन करत एक्स्टर्नल डिस्क जमवल्या, त्यांची कवचं उघडून आतल्या डिस्क सर्व्हरमध्ये बसवल्या. हे सगळं कंपनीने स्वतःच पुढे प्रसिद्ध केलं. त्यांची गरज खरी होती, चिकाटीही कौतुकाची. पण त्या पाट्या नसत्या, तर त्या दिवसांत घरच्या फोटोंसाठी एक डिस्क शोधणाऱ्या माणसाला काय मिळालं असतं?

मर्यादेला माझ्या लेखी एक अट आहे : ती आधी सांगितलेली असावी. दारावर, जाहिरातीत, फोनवर, कुठेही. बिल करताना अचानक सांगितलेली मर्यादा मलाही मान्य नाही.

आता तुमच्या सहा एसएसडींचं बघू. धंद्याची खरेदी सेलवर टाकू नका. सीझनच्या महिनाभर आधी दोन-तीन दुकानांकडे सहा नगांचं कोटेशन मागा. जीएसटी क्रमांक असेल आणि तुम्ही कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची योजना) नसाल, तर बिलावर तो क्रमांक घालून घ्या, म्हणजे भरलेल्या १८ टक्क्यांचं क्रेडिट तुमच्या धंद्याच्या कराच्या हिशोबात घेता येतं. सेलच्या बिलावर बऱ्याच जणांकडून हे राहून जातं. क्रेडिट धरून किंमत मांडलीत, तर साध्या दिवसातलं कोटेशन सेलच्या भावाच्या बरंच जवळ येतं, आणि भावाला रांगेत उभं राहावं लागत नाही.

प्रश्न : २ टीबीच्या डिस्कवर एमआरपी १२,९९९ खोडून ५,४९९ लिहिलं होतं, म्हणजे ५८ टक्के सूट. घेतली. घरी लावली तर १.८१ टीबीच दिसते. स्वस्तातली म्हणून कमी भरली का? — शिक्षिका, लांजा

उत्तर : बाई, भरलेली पूर्ण आहे. कंपन्या एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात, दर पायरीला हजाराचा हिशोब. विंडोज दर पायरीला १०२४ने भागतं. त्या भागाकाराने २ टीबीचे १.८१ होतात. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या डिस्कवरही हाच आकडा दिसेल.

५८ टक्क्यांचं मात्र मनावर घेऊ नका. एमआरपी ही कायद्याने घातलेली वरची हद्द आहे, सर्व करांसहित. तिच्यावर एक रुपया घेतला तरी वैधमापन खात्याकडे तक्रार होते. खाली कितीही विकता येतं, आणि हार्ड डिस्कच्या बाबतीत एरवीही ती एमआरपीपेक्षा पुष्कळ खालीच विकली जाते. सूट मोजायची ती गेल्या महिन्यात हीच डिस्क कितीला मिळत होती, त्या भावाशी. दोन दुकानांत फोन करून तो भाव कळतो. आणि खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, तक्रारीचा क्रमांक छापलेला आहे ना, ते एकदा बघून घ्या. वॉरंटीच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

प्रश्न : ऑनलाइन सेलमध्ये "फक्त २ शिल्लक" आणि खाली उलटं मोजणारं घड्याळ. घाईघाईत पैसे भरायला गेलो तर "तुमच्या पिनकोडवर उपलब्ध नाही". दुसऱ्या दिवशी पाहिलं, पुन्हा "फक्त २ शिल्लक"! दुसऱ्या एका ठिकाणी १६ टीबीची एसएसडी १,९९९ला आहे, ती आमच्याकडे पोचते. घेऊ का? — आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : १६ टीबीची अजिबात घेऊ नका. त्या किमतीत तेवढी चिप येऊच शकत नाही. आत लहानसं मेमरी कार्ड असतं आणि संगणकाला १६ टीबी दाखवण्यासाठी त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, बदललेलं असतं. कॉपी होताना सगळं सुरळीत दिसतं. खरी जागा भरली की पुढच्या फायली आधीच्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत जातात, आणि ते उघडून पाहीपर्यंत कळत नाही. कोणी आधीच घेतली असेल, तर विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम चालवा. तो पूर्ण डिस्क भरून परत वाचतो आणि खरा आकडा सांगतो. परत करायची मुदत संपायच्या आत चालवा.

"फक्त २ शिल्लक" खरं असेल तर ती माहिती आहे. खोटं असेल तर ती खोटी घाई, आणि मघाशी सांगितलेल्या १३ क्लृप्त्यांत तिचा समावेश आहे. दोन्ही दिवसांचे स्क्रीनशॉट १९१५कडे पाठवा. पिनकोडबद्दल थोडं सबुरीने बोलायला हवं. सवलतीचा माल ज्या गोदामात असतो तिथून किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावाला कुरियर जातंच असं नाही, आणि तोटा सोसून विकलेल्या डिस्कवर लांबच्या पार्सलचा खर्च घालायला विक्रेते तयार नसतात. हे धंद्याचं गणित मला कळतं. पण २०२२च्या सूचनांनुसार विक्रीच्या भौगोलिक मर्यादा जाहिरातीतून गाळता येत नाहीत. पैसे भरायच्या पानापर्यंत नेऊन मग देवगड आमच्या नकाशात नाही असं सांगणं मला मनापासून खटकतं. देवगडहून आंबा देशभर वेळेत पोचतो, मग एक डिस्क देवगडला पोचणार नसेल तर ते पहिल्या पानावरच सांगा.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सर्व्हरसाठी "नव्यासारख्या" मोठ्या डिस्क निम्म्या किमतीत देतो असं एक विक्रेता म्हणतो. नग हवे तेवढे. घ्याव्यात? — कर्मचारी, राजापूर

उत्तर : लोकांच्या ठेवींचा हिशोब त्यांच्यावर राहणार असेल तर नको. घरच्या चित्रपटांसाठी असत्या तर "तपासून घ्या" म्हटलं असतं.

सवलतीत "हवे तेवढे नग" ऐकलं की मी आधी विचारते, माल कुठून निघाला? जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत उघडकीला आलं की सीगेटच्या वापरलेल्या डिस्क काही विक्रेत्यांमार्फत नव्या म्हणून विकल्या गेल्या होत्या. चिया नावाच्या कूटचलनासाठी २०२१च्या सुमारास लोकांनी हार्ड डिस्कचे डोंगर लावले होते. तो धंदा बसल्यावर हा माल तिथूनच बाहेर पडला असावा, असा संशय होता. डिस्क किती तास चालली त्याची नेहमीची नोंद पुसून शून्य केली होती. पण त्या डिस्कमध्ये आणखी एक आतली नोंद असते, ती तशीच राहिली होती, आणि स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनाने ती वाचता येते. त्यामुळे डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टल डिस्क इन्फो या प्रोग्रॅममध्ये शून्य तास दिसले म्हणून निर्धास्त होऊ नका. सिरीयल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी कधीपर्यंत आहे ते पाहा. नव्या डिस्कची वॉरंटी संपत आलेली नसते.

सर्व्हरसाठी आणखी एक प्रश्न विचारा : डिस्क सीएमआर आहे की एसएमआर? सीएमआरमध्ये माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे जागा वाढते, पण पुन्हा लिहिताना वेग पडतो, आणि एक डिस्क बदलून सर्व्हर पुन्हा उभा करताना फार वेळ जातो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, नेटवर्कवरच्या लहान सर्व्हरसाठी (नॅस) म्हणून विकल्या जाणाऱ्या काही रेड डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या, त्यावर मोठा गदारोळ झाला, आणि मग कंपनीने सीएमआर डिस्कना रेड प्लस हे वेगळं नाव दिलं. सेलमध्ये मॉडेलचं नाव अर्धवट लिहिलेलं असेल तर पूर्ण मॉडेल क्रमांक मागा. दुकानदार देत नसेल तर पुढे जाऊ नका.

प्रश्न : ताई, कुडाळ-सावंतवाडी भागातल्या जत्रांमधले दशावताराचे प्रयोग मी बऱ्याच वर्षांपासून रेकॉर्ड करतो. त्यातले काही कलावंत आता नाहीत. सगळं एकाच जुन्या हार्ड डिस्कवर आहे. दुसरी घ्यायची तर पुढच्या सेलपर्यंत थांबू का? किती स्वस्त होईल? — एक रसिक, कुडाळ

उत्तर : थांबू नका. या महिन्याच्या पत्रांतलं हे मला सगळ्यांत जवळचं आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. तुमच्याकडे आहे ते दुसरीकडे कुठे मिळणार नाही, आणि जुनी डिस्क बंद पडायच्या आधी सांगून बंद पडत नाही. माझ्या दुकानात रडत येणारी माणसं मी पाहिली आहेत. डेटा परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळा महानगरांत आहेत. त्यांचा खर्च नव्या डिस्कच्या कित्येक पट असतो आणि यशाची हमी नसते. बऱ्याच एक्स्टर्नल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड आतल्या मुख्य पट्टीवरच असतं. ते तुटलं तर नुसतं कवच बदलून भागत नाही.

पुढच्या सेलला भाव उतरेलच, हे कोणी सांगू शकत नाही. २०११ला पुराने भाव चढले, २०२१ला चियाने, आणि २०२५च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपची इतकी मागणी केली की एसएसडी महागल्या. शिवाय उतरला तरी तुमच्या वाट्याला नग येईल का, हे वरची पत्रं वाचून तुम्हालाच दिसलं असेल.

आज दुकानात मिळेल ती, नव्या सीलबंद खोक्यातली, बिलासह, साधी फिरती हार्ड डिस्क घ्या. एसएसडीचा वेग तुम्हाला लागत नाही, आणि वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायच्या वस्तूला एसएसडी मी सुचवत नाही. सगळ्या रेकॉर्डिंगची प्रत करा, चार-सहा फायली सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून पाहा. मग महिन्या-दोन महिन्यांत आणखी एक प्रत करा आणि ती दुसऱ्या गावी, उंचावरच्या घरात ठेवा. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळुणात माणसांचे संगणक आणि त्यांचे बॅकअप एकाच घरात, एकाच पाण्यात गेले. आपल्याकडची खारी, दमट हवा जोडण्या खाते, म्हणून डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पावसाळा सरला की पुड्या बदला. वर्षातून एकदा तरी लावून फायली उघडा.

तुमच्या कपाटातल्या प्रयोगांची नावं, दशावतारी कंपनी, गाव, साल आणि कलावंत एका वहीत लिहून त्या वहीचेही फोटो दोन्ही डिस्कवर घाला. प्रती करायला कणकवलीला यायचं असेल तर आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी या, मी बसून करून देईन. जुनी डिस्क तोपर्यंत लावून पाहू नका, आणि प्रवासात ती पिशवीत खाली न ठेवता टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर आणा.